पायऱ्यांच्या चित्राची रेकॉर्ड

कोयनानगरला जायचं नानासोच्या फारसं मनात नव्हतं. लग्नसराईचा एक रेटा नुकताच सरला होता, चैत्रातल्या जत्रा तोंडावर होत्या आणि मधल्या दिवसांत अंग टाकून पडावं एवढीच त्याची इच्छा होती. पण वसाहतीतला जुना क्लब रिकामा करायचाय, तीन-चार लोखंडी कर्णे पडून आहेत, नेणार असाल तर न्या, असा निरोप आला. कर्ण्यांना अजून गिऱ्हाईक होतं. सप्ताह, भजन, गावसभा. म्हणून तो टेम्पो घेऊन निघाला.

कुंडलमध्ये त्याचं ‘नानासो साऊंड’ होतं. ऐन विशीत त्यानं दोन कर्णे आणि एक टेप यांवर धंदा सुरू केला, तेव्हा बारशापासून मयताच्या तेराव्यापर्यंत सगळीकडं तोच. आता मुलगा शिवतेज बघत होता. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मावणार नाही एवढी स्पीकरची भिंत उभी केली होती आणि पलूसपासून पार विट्यापर्यंत त्याला बोलावणी होती. नानासो मिक्सरपाशी, भिंतीच्या मागं उभा राहायचा. पोरं नाचायची, चिठ्ठ्या पाठवायची, ओरडून गाणी सांगायची आणि तो मान हलवायचा. पूर्वी वरातीनंतर दोन दिवस त्याच्या कानात रातकिडे ओरडायचे आणि मग थांबायचे. आताशा ते थांबत नव्हते. या धंद्यात सगळ्यांचंच असं असतं, म्हणून त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं. त्याला गाण्याचाच वीट आला होता. घरी टीव्ही लावला तर तो उठून अंगणात जायचा. घर मात्र अलीकडं शांत असायचं, तेवढं एक बरं होतं.

तो पोचला तेव्हा क्लबच्या दारात ज्ञानू नावाचा म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. क्लब भरात होता त्या काळात तो तिथं पोऱ्या म्हणून लागला, पुढं वॉचमन झाला आणि निवृत्त झाल्यावरही कुलपाची किल्ली त्याच्याकडंच राहिली. त्यानं आत नेलं. बॅडमिंटनची जाळी, मोडके कॅरम, ओल येऊन फुगलेली कपाटं. कर्णे कोपऱ्यात होते. ते टेम्पोत चढवून झाल्यावर ज्ञानूनं एका लाकडी पेटीला पायानं स्पर्श केला.

“हे बी न्या. हितं ठिवून काय करू?”

पेटीत जुना रेकॉर्ड प्लेअर होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एकच रेकॉर्ड. नानासोनं ती बाहेर काढली. पाकीट पुस्तकासारखं उघडत होतं. वर एक चित्र होतं, दगडी पायऱ्या समुद्रात उतरत गेलेल्या, खालच्या पायऱ्या पाण्यात, आणि माणूस एकही नाही. नाव जिथं छापलं होतं तो भाग कसरीनं खाल्ला होता.

ज्ञानूनं सांगितलं की फार वर्षांपूर्वी वीजघरात मशिनच्या कामावर एक तरुण इंजिनियर होता, त्यानं ती कुठून तरी मागवली होती. शनिवारी सगळे जमले की सिनेमाची गाणी लागायची आणि शेवटी हा आपली ही लावायचा. पुढं त्याची बदली झाली. जाताना रेकॉर्ड राहिली, की त्यानं ठेवली, ते कुणाला कळलं नाही.

“त्यातलं एक गाणं संपस्तवर च्या गार व्हायचा बगा,” ज्ञानू म्हणाला. “समदी उठून व्हरांड्यात जायाची. त्यो एकटाच बसायचा.”

“आन तुमी?”

“मी दाराशी. मला उठून जायाची सोय नव्हती. आयकलं.”

कसं होतं, असं नानासोनं विचारलं. म्हाताऱ्यानं तेव्हा काही कळलं नव्हतं, पण अजून आठवतं, एवढंच सांगितलं.

घरी आल्यावर दोन दिवस पेटी शेडमध्ये तशीच पडून राहिली. शेड म्हणजे घरामागचा पत्र्याचा गाळा, स्पीकर आणि वायरींनी भरलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरं काही सुचेना म्हणून नानासोनं प्लेअर उघडला. आतल्या रबरी चाकाचा दगड झाला होता. ते त्यानं घासून-पुसून फिरतं केलं, पिन सांगलीहून मागवली, मिक्सरला वायर जोडली आणि लग्नाच्या मांडवात कोपऱ्याला ठेवतात ते दोन लहान स्पीकर लावले. मोठे लावायचा प्रश्नच नव्हता. त्याला आवाज नको झाला होता.

पहिली बाजू त्यानं अर्ध्यावरच काढली. इंग्रजी गाणी, कुणीतरी वरच्या पट्टीत गातंय, त्यात त्याला रस वाटला नाही. दुसऱ्या बाजूला दोन गाण्यांमधले रिकामे पट्टे दिसत नव्हते. सगळी मिळून एकच चीज होती, कडेपासून मधल्या कागदापर्यंत. ती त्यानं लावली आणि खाटेवर आडवा झाला.

सुरुवातीला नुसताच खालचा सूर होता, जमिनीतून आल्यासारखा. मग ढोल आले. नानासोनं सवयीनं मांडीवर बोट धरलं आणि ते चुकलं. पुन्हा धरलं, पुन्हा चुकलं. आयुष्यभर चारावर आणि सहावर लोकांना नाचवलेला माणूस, त्याला समच सापडेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की वाजवणारे सातावर येत होते. चौघे-पाच जण असावेत. एकानं एक ओळ वाजवायची, दुसऱ्यानं ती उचलून वाकडी करायची, तिसऱ्यानं त्याखाली भलतंच काही सारायचं. चढत चढत ते एवढे वर गेले की आता काहीतरी फुटणार असं वाटलं. आणि तिथंच सगळं थांबलं.

संपली, म्हणून तो पिन उचलायला उठला. पण पिन मध्यावरच होती, रेकॉर्ड फिरत होती. तो तसाच वाकून उभा राहिला. बराच वेळ काहीच नव्हतं, मोटरीची घरघर तेवढी. मग त्या शांततेच्या तळातून बाजाच्या पेटीसारखा एक जाडा सूर वर आला, त्याच्यामागं ढोल, आणि सगळे परत आले, पण आता घाई नसल्यासारखे. शेवटाला माणसाचा आवाज होता. काय म्हणतोय ते कळलं नाही. दमलेला माणूस घरी येऊन पायरीवर बसल्यावर बोलतो, तसा होता.

नानासो खाटेवर बसून राहिला. एवढा बाजा जमवलेल्या माणसांनी मध्येच इतका वेळ गप्प बसायचं ठरवलं, हे त्याला फार आवडलं. त्यांनाही आपल्यासारखाच आवाजाचा कंटाळा आला असणार, असं वाटलं. त्याच्या भिंतीसमोर कुणी एवढा वेळ साऊंड बंद ठेवला असता तर पोरांनी दगड मारले असते. त्यानं रेकॉर्ड पुन्हा लावली, आणि मधली शांतता आली तेव्हा त्याला झोप लागली. दुपारची झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मग ते रोजचंच झालं. जेवून शेडमध्ये जायचं, दुसरी बाजू लावायची आणि डोळे मिटायचे. सातावरचा ढोल आता बोटाला ओळखीचा झाला होता. पण तो वाट बघायचा ती मधल्या जागेची. कधी तो नुसता तेवढ्यासाठीच पिन मध्यावर ठेवायचा.

शिवतेजला बापाचं हे बसणं समजेना. जत्रांच्या सुपाऱ्या आल्या होत्या, दोन स्पीकरच्या कॉइल बदलायच्या होत्या आणि हा दुपारभर पडून. एकदा तो सांगायला म्हणून आत आला, रेकॉर्ड ऐकली आणि चिडायचं विसरून त्यानं मोबाईल स्पीकरपुढं धरला. मोबाईलनं क्षणात नाव सांगितलं. शिवतेजनं वाचून दाखवलं, की ही इंग्लंडची पार्टी, साल त्र्याहत्तर, या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, आणि अजूनही जगभर लोक ही रेकॉर्ड शोधून शोधून विकत घेतात. नानासोनं नाव दोनदा म्हणून बघितलं, पण ते जिभेवर बसलं नाही. त्याच्यापुरती ती पायऱ्यांच्या चित्राची रेकॉर्ड होती. शिवतेज म्हणाला की भारी आहे, पण यावर नाचणार कोण. मग कॉइलचं आठवून तो पुन्हा चिडला आणि निघून गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी नानासोची बायको दीपमाला चहा घेऊन शेडमध्ये आली. एरवी ती कप दारातल्या स्पीकरवर ठेवून जायची. सकाळपासून शेतात भांगलण करून आलेली, तिचेही पाय गळून गेले होते, म्हणून खाटेच्या कडेला टेकली. रेकॉर्ड चालू होती. ढोल चढत गेले आणि थांबले. नानासोनं डोळे मिटले.

थोड्या वेळानं तिनं त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्यानं डोळे उघडले.

“मी म्हनलं, ह्या घंट्या लय ग्वाड हायत.”

“कसल्या घंट्या?”

“ह्या काय. आत्ता वाजत्यात त्या. देवळातल्यागत न्हवं, बारीक. बारक्या पोराच्या वाळ्यागत.”

ती चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. पण दीपमाला चेष्टा करणाऱ्यातली नव्हती आणि तिचं तोंड रेकॉर्डकडं होतं. नानासोनं मिक्सरकडं बघितलं. आवाज आला की लागणारे खालचे दोन हिरवे दिवे लागत होते, विझत होते. इतके दिवस तो इथं डोळे मिटून पडत आला होता, म्हणून हे दिसलं नव्हतं. त्यानं उठून आवाज वाढवला. दिवे पिवळ्यापर्यंत चढले. त्याला मोटरीची घरघर मोठी झालेली ऐकू आली, बाकी काही नाही. दीपमालानं कानावर हात ठेवले.

त्यानं आवाज पहिल्याइतका केला, पिन मागं नेली आणि तिला म्हणाला, “वाजली की बोट वर कर.”

तिनं त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता बोट पुढं धरलं. बोट वर गेलं. खाली आलं. मग दोनदा लागोपाठ गेलं. मग जरा थांबून हळूच, मग भरभर. पत्र्याच्या शेडमध्ये नानासोच्या लेखी कसलाही आवाज नव्हता आणि त्याची बायको त्याच्यासमोर बसून ते सगळं बोटानं दाखवत होती. किती तरी वेळ. पेटीचा जाडा सूर त्याला ऐकू आला तेव्हा तिनं बोट खाली घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

त्यानं पिन उचलली.

“तुला ठावं हुतं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“मला आयकू येत न्हाई त्ये.”

“मला वाटलं तुमी दमून येता, तुमास्नी बोलायचं नसतंय. मागनं हाक मारली तर वळायचा न्हाई. दोनदा, चारदा. मग मी बी सोडून दिलं.”

“मला वाटलं तूच गप झालीयास.”

“गप न्हाई झाले,” दीपमाला म्हणाली. “दमले.”

चहा गार झाला होता. तो त्यानं तसाच पिऊन टाकला.

पुढच्या सोमवारी दोघं मोटरसायकलवरून सांगलीला गेली. कानाचा डॉक्टर हळदीच्या बाजाराजवळ होता. जिना चढेपर्यंत वास हळदीचा होता आणि वर गेल्यावर एकदम औषधाचा. नानासोला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. सुरुवातीला त्यानं भराभर बटण दाबलं. मग आवाज यायचेच बंद झाले. तो वाट बघत बसला. काचेपलीकडची मुलगी यंत्रावर काहीतरी फिरवत होती आणि त्याच्याकडं बघत होती, तेव्हा त्याला समजलं की आवाज चालूच आहेत.

डॉक्टर तरुण होता आणि आडवळणानं बोलणारा नव्हता. कागदावरची रेघ डावीकडं बरी होती आणि उजवीकडं विहिरीत पडावी तशी खाली गेली होती, दोन्ही कानांची. बारीक, उंच आवाज गेले ते गेले, परत येणार नाहीत. बोलण्यातली अर्धी अक्षरं तिथंच असतात, म्हणून माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात. यंत्र लावलं तर घरातलं बोलणं सुधारेल. साऊंडपुढं उभं राहणं मात्र आजपासून बंद. आपण पुढं नसतो, मागं असतो, असं नानासो म्हणाला. डॉक्टरनं मागं आणि पुढं एकच असं सांगितलं.

यंत्र बनून यायला दिवस लागणार होते. परतताना दीपमाला मागं बसून काहीतरी बोलत होती. त्यानं तासगावच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली, उतरून तिच्याकडं तोंड केलं आणि म्हणाला की आता बोल. एवढं काही नव्हतं, ती म्हणाली. मग तिथंच बाभळीखाली उभ्या उभ्या तिनं सांगितलं. बहिणीच्या मुलीचं लग्न मोडलं होतं ते. तिच्या स्वतःच्या गुडघ्याचं. शिवतेजला विट्याकडची एक मुलगी सांगून आली होती आणि नानासोनं उत्तरच दिलं नाही म्हणून तिनं परस्पर नाही कळवलं होतं, ते. काही गोष्टी जुन्या होऊन गेल्या होत्या. त्यानं सगळ्या ऐकल्या. उसाच्या गाड्या धूळ उडवत शेजारून जात होत्या आणि मधले मधले शब्द जायचे, तेव्हा तो तिला पुन्हा म्हणायला लावायचा आणि ती म्हणायची.

रेकॉर्ड त्यानं काही दिवस लावली नाही. ती शांतता त्यांची नव्हती, आपल्या कानांची होती, हे कळल्यावर तिथं पडून राहण्यात अर्थ उरला नव्हता. ती माणसं दमून गप्प बसली नव्हती. ती वाजवत होती, बारीक, काळजीपूर्वक, आणि ऐकणारा इकडं झोपत होता.

पण घंट्यांचं डोक्यातून जाईना. एका दुपारी प्लेअर पुसताना त्याचं लक्ष कडेच्या खटक्याकडं गेलं. त्यावर चार वेग होते. तेहतीसवर ही रेकॉर्ड चालायची. सर्वांत खाली सोळाचा होता, तो त्यानं कधी कुणाला वापरताना बघितलं नव्हतं. टेपचे सेल उतरले की बाईचा आवाज पुरुषासारखा यायचा, हे त्याला ठाऊक होतं. वेग निम्मा झाला तर सूरही खाली उतरणार. त्यानं खटका सोळावर ओढला, पिन मध्यावर ठेवली आणि स्पीकरला कान लावला.

काही नव्हतं. मग एक ठोका आला. जाडसर, मंद, लांबून आलेला. मग बराच वेळ थांबून दुसरा. तो हललाही नाही. ठोके येत होते, एकाचा नाद विरेपर्यंत दुसरा यायचा. सगळे नव्हते. मधल्या काही रिकाम्या जागा अजून रिकाम्याच होत्या. पण जेवढे होते तेवढे आले.

त्यानं दारातून दीपमालाला बोलावलं. तिनं बसून ऐकलं आणि मान हलवली.

“ह्या न्हवं त्या,” ती म्हणाली. “त्या लय हलक्या हुत्या. ह्या म्हशीच्या गळ्यातल्या वाटत्यात.”

“आसू दे,” तो म्हणाला. “मला ह्याच हायत.”

ती उठून गेली नाही. वेग निम्मा असल्यामुळं ते दुप्पट वेळ चाललं.

चैत्रातल्या पहिल्या जत्रेला शिवतेज एकटा गेला. बापाच्या कानाचा कागद त्यानं बघितला होता, वाईट वाटलं होतं, आणि तुम्ही घरीच थांबा असं तोच म्हणाला होता. कानात घालायचे बोळे नानासोनं सांगलीहून आणून त्याला दिले. ते घालून मिक्सर कसा चालवायचा, असं विचारून त्यानं खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी उजाडता टेम्पो परत आला. शिवतेजचे डोळे तारवटलेले, आवाज बसलेला. जत्रा दणक्यात झाली म्हणाला आणि ओसरीवर भिंतीला टेकून मोबाईल बघत बसला.

नानासो अंगणात वायरीची वेटोळी करत होता. स्वयंपाकघराच्या दारात दीपमाला आली. तिचे ओठ हलले, शिवतेजच्या पाठीकडं बघून. यंत्र अजून आलं नव्हतं, नानासोला काही ऐकू आलं नाही, पण तिनं हाक मारली हे दिसलं. शिवतेज मोबाईल बघत राहिला. तिनं पुन्हा मारली. मग ती थांबली आणि अंगणात नवऱ्याकडं बघितलं.

नानासोनं वेटोळं खाली ठेवलं, ओसरीवर गेला आणि मुलाच्या समोर बसला.

“आई हाक मारतीया.”

“कवा?”

“आत्ता. दोनदा.”

शिवतेजनं मागं वळून आईकडं बघितलं. रात्रभर जागरण झालंय, कान जरा सुन्न आहेत, दोन दिवसांत उतरतात, असं तो म्हणाला. ते नानासोला माहीत होतं. त्यानं सांगलीचं नाव काढल्यावर शिवतेज म्हणाला की हंगाम संपू दे, आत्ता सुपाऱ्या घेतल्यात, लोकांना काय सांगायचं. वाद झाला नाही. वाद घालायला दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं. नानासोनं टेम्पोची किल्ली खिशात टाकली आणि आत जाऊन पडला.

किल्ली चार दिवस त्याच्या खिशात राहिली. एक जत्रा दुसऱ्या पार्टीकडं गेली आणि शिवतेज घरात कुणाशी बोलेना. पाचव्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा राहिला आणि चला म्हणाला.

त्याच्या कागदावरची रेघ उजवीकडं थोडीशीच वाकलेली होती. आत्ता थांबलात तर एवढ्यावर राहील, असं डॉक्टर म्हणाला. शिवतेजनं धंदा काही सोडला नाही. भिंत थोडी कमी केली, आणि बोळे घालतो, निदान घालतो असं सांगतो. नानासोकडं कर्णे राहिले. सप्ताहाचं बोलावणं आलं की तो ते मोटरसायकलला बांधून घेऊन जातो, कडुलिंबावर चढवतो आणि भजन संपेपर्यंत लांब, विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसतो.